डोंगळे फुलले त्या हिवाळ्यात

कांद्याच्या फुलाला वास असतो, हे रोज कांदा चिरणाऱ्यांनाही बहुतेक ठाऊक नसतं. संक्रांत सरली, ऊन जरा तापायला लागलं, की आमच्या घरामागच्या पट्ट्यात बियाण्याच्या कांद्याला डोंगळे येतात. कमरेएवढे पोकळ हिरवे दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला मुठीएवढा पांढरा गोंडा. सकाळ चढली, गोंड्यातली बारीक फुलं उमलली, की वास सुटतो. थोडा मधाचा, थोडा कांद्याचाच, घशाशी येणारा. यंदा तो परवा आला. मी रात्रपाळी करून आले होते, अंगणात स्कूटी लावत होते. वास आला आणि माझे खांदे आपोआप आखडले. इतक्या वर्षांनंतरही. मान वळवून आधी मी पलीकडच्या गोदामाच्या भिंतीकडे पाहिलं, वर पत्र्याच्या कडेला पाहिलं, आणि मग शेताकडे.

भिंत रिकामी होती. ती रिकामी असते हे मला माहीत आहे. तरी दरवर्षी या दिवसांत मी आधी तिकडेच बघते.

आमची वस्ती चाकणहून राजगुरुनगरला जाताना हमरस्ता सोडून आत आहे. मी लग्न होऊन तळेगावातून इथे आले तेव्हा आमच्या तुकड्याच्या चारी अंगांनी शेतंच होती. मग एकेक विकलं गेलं. पूर्वेला पत्र्याचं मोठं गोदाम उभं राहिलं, इतकं उंच की सकाळचं ऊन आता आमच्या गव्हावर उशिरा पोचतं. उरलेल्या जमिनीत आम्ही गहू करतो, गाईसाठी घास करतो, आणि कांदा. कांदा सगळ्यात आधी माझ्या सासूबाईंचा, मग आमचा. त्यांना सगळी वस्ती हिराबाई म्हणते, मी आत्या म्हणते.

आत्यांनी कांद्याचं बी कधी विकत आणलं नव्हतं. साठवणीच्या कांदाचाळीतले चांगले, घट्ट मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे निवडायचे, दिवाळीच्या आसपास ते पुन्हा मातीत लावायचे, त्यांना डोंगळे येऊ द्यायचे आणि त्याचं बी धरायचं. पुढच्या साली त्याच बियाचं रोप. कांद्याच्या बियाला दम नसतो. एक साल गेलं की ते उगवत नाही. त्यामुळे ही साखळी एकदा तुटली की तुटलीच. आधी वस्तीवरची बाकीची घरंही आत्यांकडून बी न्यायची, पण ती हळूहळू दुकानातल्या डब्यांकडे वळली होती. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी परतीच्या पावसात आमचं टाकलेलं रोप पाण्याखाली बसलं आणि सडून गेलं. चाळीतले थोडे कांदे तेवढे शाबूत होते. आत्यांनी ते सगळेच्या सगळे बियाण्यासाठी लावले. म्हणजे आमच्या कांद्याचं जे काही या जगात शिल्लक होतं, ते घरामागच्या त्या एका पट्ट्यात होतं.

आमचे हे, संतोष, म्हणाले होते, "आई, बी काय दुकानात मिळतंय की. एवढा जीव कशाला काढायचा?"

"मिळतंय," आत्या म्हणाल्या. "त्यो कांदा दिवाळीपातुर टिकतुया का, त्ये सांग."

यांनी डबा उचलला. त्यांची कंपनीची बस यायची वेळ झाली होती.

मी त्या हिवाळ्यात घरीच होते. कंपनीनं कंत्राटी बायकांना ब्रेक दिला होता. पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहायची सवय झालेले पाय दिवसभर घरात काय करावं या विचारात असायचे. म्हणून मी आत्यांच्या मागे शेतात जायला लागले. आम्ही खुरपायचो, पाणी धरायचो. डोंगळे वर आले, गोंड्यांवरची पातळ पांढरी साल फाटली, पहिली फुलं उघडली. आणि आत्या अस्वस्थ झाल्या.

मधमाशा नव्हत्या.

एरवी ओढ्याकाठच्या चिंचेवर, वडावर पोळी असायची. रस्ता रुंद करताना ती झाडं गेली होती. आत्या बांधावर बसून नुसत्या गोंड्यांकडे बघत राहायच्या. एखादं फुलपाखरू यायचं, चार-दोन मुंग्या चढायच्या. "फुलं लई हायेत," त्या म्हणायच्या, "पर वांझ जायाची." त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. आजारी माणसाच्या अंथरुणाशेजारी बसावं तशा त्या बसायच्या.

मग एका सकाळी गुणगुण ऐकू आली. आम्ही दोघींनी एकदमच वर पाहिलं. गोदामाच्या मागच्या भिंतीला, पत्र्याच्या कडेखाली, काळपट तपकिरी असं काहीतरी लोंबत होतं, सुपाएवढं. ते जिवंत होतं. त्याच्या अंगावरून सारखी एक लाट फिरत होती. आग्या मोहोळ. आणि तिथून भिंत ओलांडून माशा सरळ आमच्या डोंगळ्यांवर येत होत्या. दुपारपर्यंत पट्टा त्यांनी भरून गेला. आत्यांच्या चेहऱ्यावरची घडी उकलताना मी पाहिली. पण आनंद मोकळेपणानं झाला नाही, कारण आग्या माशी काय असते हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं.

दोनच दिवसांत गोदामाचा सुपरवायझर समीर मागच्या बाजूला मोबाइलवर फोटो काढताना दिसला. तो चाकणचाच. त्याचे वडील मोटारी दुरुस्त करायचे, आमच्या विहिरीवरची मोटार त्यांनीच कितीदा बांधून दिलेली. आत्या मला घेऊन गेटवर गेल्या.

"काकू, वरून प्रेशर आहे," समीर म्हणाला. "औषध मारणारे लोक बोलावलेत. लोडिंगवाली पोरं काम करतात इथं. कुणाला काही झालं तर?"

"आमचं फूल सरंस्तवर थांब," आत्या म्हणाल्या. "मग मीच सांगते, काढ म्हणून. माशीला कुनी छेडलं न्हाई तर ती बी कुनाला काय करत न्हाई."

समीर मोबाइलवरचे फोटो पुन्हा चाळत राहिला. गेटवरचे वॉचमन वाघमारे खुर्चीतून उठून आमचं बोलणं ऐकत होते. लातूरकडचे, पन्नाशी उलटलेले, बोलताना मान जरा कलती ठेवणारे. तेच म्हणाले, "साहेब, मागचं दार बंद ठिवू. गाड्या म्होरल्या अंगाला लावू. मी बघायलोय की."

समीरनं शेवटी मान हलवली. औषधवाल्यांना त्यानं पुढची तारीख दिली. कुणाच्या सांगण्यावरून दिली हे त्यानं वर कळवलं नसावं.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून शांत बसवत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते फार सुंदर दिवस वाटले असते. पांढरं शेत, स्वच्छ ऊन, गुणगुण. पण आम्ही कान टवकारून जगत होतो. ट्रकनं जोरात हॉर्न दिला की आत्यांचा हात खुरप्यावर थांबायचा. कुणी बांधावरचा पाला पेटवला की मी पळत जाऊन विझवायला लावायची. शेजारच्या वाडीत एक हळद होती. डीजे लागणार, फटाके उडणार, म्हणून आत्या तिथे जाऊन नवऱ्या मुलाच्या बापाला विनवून आल्या. "हिराबाई, आता माशांना बी आवतण द्यायचं का?" म्हणून लोक हसले. पण त्यांनी फटाके उडवले नाहीत. आम्ही गोंड्यांमधून चालताना अंग चोरून चालायचो. गडद रंगाची साडी नेसायची नाही, डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही. माशा आमच्या हातांवर बसायच्या, उडायच्या. इतका धोका आणि इतकी गरज एकाच गोष्टीत असू शकते, हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. संध्याकाळी सगळं निभावलं की आत्या तुळशीपाशी दिवा लावायच्या आणि भिंतीकडे एकदा बघून घरात यायच्या.

आणि रोज गोंड्यांवर हिरवे बारीक दाणे धरत होते. बी धरत होतं.

गोष्ट बिघडली ती एका दुपारी. लांबून आलेला एक ट्रक आत घ्यायला जागा नव्हती. ड्रायव्हर परराज्यातला, त्याला इथलं काय माहीत. त्यानं गाडी वळसा घालून मागच्या मोकळ्या जागेत लावली, सावली बघून भिंतीलगत स्टोव्ह मांडला आणि पोळ्या भाजायला बसला. स्टोव्ह भडकला, काळा धूर सरळ वर गेला. वाघमारेंना तो धूर पुढून दिसला आणि ते धावत मागे आले. आम्ही शेतात होतो. आधी त्यांचं ओरडणं ऐकू आलं, "बुझाओ, बुझाओ." मग गुणगुण बदलली. तो आवाज मला सांगता येणार नाही. मोटार अडकल्यावर घुरघुरते तसा, पण सगळ्या आभाळातून येणारा.

पोळं भिंतीवरून सुटल्यासारखं खाली आलं. ड्रायव्हर उठून पळाला आणि पाय अडकून पडला. वाघमारेंनी त्याला बखोट धरून उभं केलं, तोवर दोघांचीही डोकी माशांनी काळी झाली होती. कंपाउंडला आमच्या बाजूनं एक खिंडार आहे. तिथून ते शेताच्या कडेला आले आणि भांबावून थांबले. समोर आमचा पांढरा पट्टा होता. त्याच्या पलीकडे घासाला पाणी देण्यासाठी मी सकाळीच तुषार सिंचनाच्या नळ्या जोडून ठेवल्या होत्या.

"मोटार चालू कर," आत्या मला म्हणाल्या आणि त्यांच्याकडे धावत सुटल्या. "हिकडनं या. सरळ या. पान्यात या."

मी बटण दाबलं तेव्हा वीज होती, एवढंच आमचं नशीब. तुषार फिरायला लागले. मी मागे वळून पाहिलं तर ती तिघं डोंगळ्यांतून येत होती. बांधानं वळसा घालून नव्हे, मधून. दांडे कडाकड मोडत होते. वाघमारे दोनदा पडले, दोन्ही वेळा गोंड्यांवरच. आत्यांनी त्यांना अक्षरशः ओढत आणून पाण्याच्या फवाऱ्याखाली लोटलं, वर ओली गोणपाटं टाकली. मीही एक गोणपाट डोक्यावर घेतलं आणि ड्रायव्हरच्या अंगावर दुसरं टाकलं. पाणी पडत होतं, माशा घोंघावत होत्या, आणि ओल्या तागाच्या वासात आम्ही चौघं जमिनीला चिकटून पडलो होतो. किती वेळ, ते माहीत नाही. गोणपाटाच्या फटीतून मला मोडलेले डोंगळे दिसत होते आणि त्या क्षणी त्यांचं मला काहीही वाटलं नाही.

समीरनं गाडी थेट घासापर्यंत आणली आणि सगळ्यांना चाकणच्या एका दवाखान्यात नेलं. ड्रायव्हरला सूज होती, पण तो बोलत होता. वाघमारे बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, विष बरंच गेलंय, किडनीवर ताण येतोय का ते बघावं लागेल, आत्ता काही सांगता येत नाही. आत्यांचा एक डोळा पूर्ण मिटला होता, ओठ सुजून वेडेवाकडे झाले होते. त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि बाकावर बसून राहिल्या. घरी चला म्हटलं तर मान हलवून नाही म्हणायच्या. वस्तीवरचे लोक येऊन जात होते. एकजण जाताना मला ऐकू येईल असं बोलला, "कांद्यापायी माणूस घालवत होते." आत्यांनीही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वाघमारेंची बायको गावाकडून आली. मंगलबाई तिचं नाव. हातात एक पिशवी, पायांत प्रवासाची धूळ. नवऱ्याला काचेतून बघून ती बाहेर आली आणि समीरसमोर उभी राहिली.

"ते पोळं काढू नका म्हणून कुणी सांगितलं होतं?"

समीरनं खाली पाहिलं. "वहिनी, वरून परवानगी यायची होती…"

"त्याला इचारू नगा," आत्या बाकावरून उठत म्हणाल्या. भिंतीचा आधार घेतला तेव्हा कुठे त्यांना नीट उभं राहता आलं. "मी सांगितलं व्हतं. माज्या कांद्याला फुलं व्हती म्हनून."

मंगलबाई आत्यांच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"त्यांना पाण्याखाली कुणी ओढलं?"

"मीच."

"मग बसा खाली," मंगलबाई म्हणाली. "उभं राहून काय होतंय."

आणि तीही शेजारी बसली. दुपारी मी डबा आणला तेव्हा मंगलबाईनं भाकरी मोडून अर्धी आत्यांपुढे सरकवली. आदल्या दिवसापासून आत्यांनी काही खाल्लं नव्हतं. ती अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली. तिसऱ्या दिवशी वाघमारेंनी डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि ड्रायव्हर वाचला का ते विचारलं.

मोहोळ काढण्याआधी समीर आमच्या अंगणात आला. काय करू, असं त्यानं विचारलं नाही, पण तो उभा राहिला. आत्या म्हणाल्या, "मला कशापायी इचारतोस? मानूस पडलाय. काढ." त्या संध्याकाळी औषधवाले येऊन गेले. सकाळी भिंतीच्या अलीकडे, आमच्या वाफ्यांमध्ये, मेलेल्या माशांचा खच पडला होता. मी झाडू आणला. आत्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि त्या हळूहळू झाडत राहिल्या, धान्य गोळा करावं तशा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की सूज उतरत होती, हे मी बघितलं नाही.

पट्ट्याचा मधला भाग भुईसपाट झाला होता. उरलेल्या गोंड्यांत कळ्या अजून उघडत होत्या आणि आता एकही माशी नव्हती. तेव्हा आत्यांनी मामंजींचं जुनं धोतर फाडलं. त्याची मऊ फडकी केली आणि एक मला दिलं. ऊन चढल्यावर प्रत्येक गोंड्यावरून फडकं हलकेच फिरवायचं, मग पुढच्या गोंड्यावर, मग पुन्हा मागच्या. फार दाबलं तर फूल मोडतं, फार हलकं झालं तर पराग लागत नाही. दोन-चार ओळींतच खांदे भरून यायचे. फडकं पिवळट व्हायचं. हातांचा वास जेवतानाही जायचा नाही.

वाघमारे दवाखान्यातून सुटून गोदामामागच्या खोलीत आले, मंगलबाई त्यांच्यापाशी राहिली. एका सकाळी ती खिंडाराशी येऊन उभी राहिली.

"काय करायलाव?"

"माशीचं काम," आत्या म्हणाल्या.

ती आत आली, दोरीवरचं तिसरं फडकं घेतलं आणि पलीकडची ओळ धरली. रोज यायला लागली. वाघमारे शाल पांघरून बांधावर बसायचे. त्यांचे हात अजून थरथरायचे. एखादा गोंडा आमच्याकडून राहिला की तिथून बोट दाखवायचे.

बी पिकलं तेव्हा आभाळ भरून आलं. गोंड्यांतली बोंडं उकलून आतले काळे दाणे दिसायला लागले होते. वारा सुटला तर सगळे मातीत जाणार, पाऊस पडला तर कुजणार. आम्ही तिघी विळे घेऊन धावलो. गोंडे कापायचे, घमेल्यात टाकायचे, पडवीत न्यायचे. शेवटचं घमेलं आत गेलं आणि पत्र्यावर थेंब वाजायला लागले.

ते वाळवून, चोळून, पाखडून झाल्यावर आत्यांनी बी पाण्यात टाकलं. पोकळ असेल ते वर तरंगतं, भरलेलं तळाला जातं. आम्ही सगळे बादलीभोवती वाकलो होतो. हेही सुट्टीच्या दिवशी घरी होते. काळा थर वर आला, पसरला, जाड होत गेला. आत्यांनी हातानं तो थर काढून बाजूला सारला, पाणी निवळू दिलं. तळाशी बी होतं. थोडं होतं, पण होतं.

ते उगवेल की नाही ही धाकधूक आम्ही पुढचे कित्येक महिने वागवली. वाफ्यात बी टाकल्यावर रोज उठून पहिले तिकडेच जायचं. आणि एके दिवशी मी चहा टाकत असताना यांची हाक आली, "शीतल, आईला घेऊन ये." दुकानातून बी आणू म्हणणारा माणूस वाफ्याशी उकिडवा बसला होता. केसांसारखी बारीक, अजून कमरेत वाकलेली रोपं मातीतून निघाली होती. विरळ होती. आत्यांनी ती मोजली नाहीत. त्या नुसत्या रोपांशेजारी बसल्या आणि यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वाघमारे नोकरी सोडून गावाकडे गेले. सणाला मंगलबाईचा फोन येतो, आधी आत्यांना दे म्हणते. समीर दुसऱ्या कंपनीत आहे. मी पुन्हा कामावर लागले. गोदामाच्या भिंतीला पुन्हा कधी मोहोळ बसलं नाही, आणि बसलं असतं तर मी काय केलं असतं हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. आम्ही दरवर्षी फडकीच फिरवतो. रात्रपाळी संपवून आले की मी तोंड धुते, चहा घेते आणि शेतात जाते. आत्यांना आता फार दिसत नाही. त्या ओळीच्या कडेनं चाचपत चालतात, बोटांनी गोंडा शोधतात आणि त्यावरून फडकं फिरवतात. दिसणाऱ्या माझ्यापेक्षा त्यांचा हात हलका आहे.

त्या रोज एकदा विचारतात, "माशी हाय का गं?"

मी खोटं बोलत नाही. "न्हाई, आत्या," म्हणते. त्या "बरं" म्हणतात आणि पुढच्या गोंड्याकडे वळतात.

आज सकाळी त्यांनी विचारलंच नाही. मी शेजारच्या ओळीत होते, डोळ्यांत झोप होती, हात आपसूक फिरत होता. आत्या मध्येच थांबल्या. मान किंचित वळवली.

"हालू नगं," त्या पुटपुटल्या.

मी हात जागीच थांबवला. त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, एका गोंड्यावर माशी बसली होती. आग्याची नव्हती. लहान, गरीब स्वभावाच्या सातेरी जातीची, पायांना पिवळं लागलेली. ती एका फुलातून दुसऱ्या फुलात सावकाश जात होती. हमरस्त्यावरून कंपन्यांच्या बस जात होत्या. आम्ही दोघी फडकी खाली धरून, तिचं होईपर्यंत तशाच उभ्या राहिलो.